संकल्प नेमका कुठल्या महिन्यात झोपतो?

अनुस्वार | १२ जुलै, रात्री ९:४०

संकल्पांचे धागे जानेवारीत निघतात आणि फेब्रुवारीत तळाला जातात. पुढच्या दहा महिन्यांत त्या संकल्पांचं काय झालं याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, म्हणून हा धागा मुद्दाम जुलैत काढतेय.

आमच्या सोसायटीत सकाळी चालायला जाणाऱ्यांचा ग्रुप आहे. १ जानेवारीला पहाटे गेटपाशी एवढी गर्दी होते की एकदा वॉचमनने दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" मग गळती सुरू होते. ती दर आठवड्याला थोडी थोडी होत नाही, गटागटाने होते. दहावी-बारावीवाल्या मुलांचे आईबाप फेब्रुवारीत गळतात. बँका आणि टॅक्सवाले मार्चात. मे महिन्यात निम्मी सोसायटी कोकणात नाहीतर लग्नात. जूनमध्ये शाळा आणि पाऊस पाठोपाठ सुरू होतात, तेव्हा डबे करणाऱ्या बायका गळतात. (नवऱ्यांना पाऊस तेवढा नडतो, डबे नाही. असो.)

विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "माझ्यात चिकाटीच नाही." मला हे पटत नाही. चिकाटी नसती तर संकल्प कधीही सुटला असता. दरवर्षी त्याच माणसाचा त्याच महिन्यात कसा सुटतो?

तर सांगा: तुमचा संकल्प कुठल्या महिन्यात झोपतो, का झोपतो, आणि तो महिना पार करायला कुणी काही युक्ती काढली आहे का? विषय कुठलाही चालेल, व्यायाम, वाचन, बचत, रियाज. फक्त "मनावर घेतलं की सगळं जमतं" असले प्रतिसाद कृपया नकोत.

दुपारची_झोप | १२ जुलै, रात्री ९:५२

जानेवारी. दुसरी तारीख. पुढचा प्रश्न?

खतावणी | १२ जुलै, रात्री १०:१५

मार्च. डोळे मिटून मार्च. पंधरा तारखेला ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, एकतीसला वर्षअखेर, आणि मधल्या पंधरा दिवसांत प्रत्येक क्लायंटला अचानक आपली बिलं सापडतात. व्यायाम सोडा, आम्ही जेवतो कधी ते बायकोला विचारा.

पण धंद्यामुळे एक गोष्ट रोज बघतो ती सांगतो. पीपीएफच्या खात्यात वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. एखाद्या वर्षी राहिले तर खातं बंद पडतं, म्हणजे निष्क्रिय होतं. पण पैसे बुडत नाहीत. राहिलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि वर मागे ५० रुपये दंड भरला की खातं पुन्हा चालू. खातं पंधरा वर्षांचं आहे, माणूस पंधरा वर्षांत एकदा तरी विसरणार, हे ज्याने नियम केला त्याने गृहीत धरलेलं आहे. आपण स्वतःसाठी नियम करतो तेव्हा पन्नास रुपयांच्या दंडाचं कलमच ठेवत नाही. एकदा चुकलं की थेट खातं बंद.

घाटवळण | १२ जुलै, रात्री ११:०३

खतावणी, भारी उदाहरण.

माझा महिना मे. मी धावतो, आणि पुण्यातही मे महिन्यात सात वाजता बाहेर पडायचं म्हणजे शिक्षा आहे. शिवाय रात्री लग्नाची पंगत, आंबे, उशिरा झोप. पूर्वी मे महिन्यात सुटलं की थेट थंडीत आठवण व्हायची, कारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि दिवाळीनंतर सगळ्यांचे बूट बाहेर येतात.

मग एका सिनियर धावपटूने सांगितलं की डोळ्यांसमोर जानेवारी ठेवू नकोस, सप्टेंबर ठेव. सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन असते, २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून परत. चार महिन्यांचं वेळापत्रक मागे मोजलं की सुरुवात बरोबर मे महिन्यात येते. म्हणजे जो महिना मला झोपवायचा तोच आता सुरुवातीचा महिना झाला, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत अंतर तसंही कमी असतं. पहाटे पाचला तीन-चार किलोमीटर, विषय संपला.

दुसरी गोष्ट म्हणजे धावण्याच्या बहुतेक वेळापत्रकांत दर तीन आठवड्यांनी एक हलका आठवडा असतो. मुद्दाम कमी पळायचं. नवीन मुलं तो आठवडा गाळून जास्त पळतात आणि महिन्याभरात नडगी धरून बसतात. कमी करणं हा वेळापत्रकाचाच भाग आहे, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो.

शंकासुर | १२ जुलै, रात्री ११:२०

थोडा वेगळा सूर लावतो, हलके घ्या. महिन्याला दोष देणं सोपं आहे. मार्च संपल्यावर एप्रिल येतो की नाही? मग एप्रिलमध्ये चालायला कोण येतं? सुटण्याचं कारण महिना असेल, पण परत न येण्याचं कारण काय?

अनुस्वार | १३ जुलै, सकाळी ७:३०

शंकासुर, प्रश्न खरंच नेमका आहे. आमच्या ग्रुपमध्ये परत येणाऱ्याला "काय, उगवलात का?" असं विचारायची पद्धत आहे. मला वाटतं त्या प्रश्नाला घाबरून लोक येत नाहीत.

जास्वंद | १३ जुलै, दुपारी २:१०

अनुस्वार, धागा चांगला काढलास. सकाळपासून वाचतेय, आता भांडी आवरून लिहायला बसले.

तुम्ही सगळे जे शोधताय ते आमच्या आधीच्या बायकांना ठाऊक होतं असं मला वाटतं. माझ्या सासूबाई चातुर्मासाचा नेम धरायच्या. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकीला संपला. वर्षभराचं त्यांनी काही धरलेलं मला आठवत नाही. एका वर्षी न बोलता जेवल्या, एका वर्षी साखर सोडली, एकदा रोज दारात तेहतीस गोपद्मं काढली. शेवट पंचांगात छापलेला असायचा. आणि शेवटी जे सोडलं ते आधी दुसऱ्याला द्यायचं, मगच आपल्या तोंडात घालायचं. साखर सोडलेल्या वर्षी त्यांनी किलोभर साखर शेजारच्या गुरुजींना नेऊन दिली आणि घरी येऊन पहिला चहा केला.

२०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, तेव्हा आमच्या भिशीतल्या बायकांनी पुष्कळ कुरकुर केली. पण मध्येच सोडलं असं कुणी नाही. पाच तर पाच, कार्तिकी दिसत होती ना.

आता खरी गंमत लाखोलीची. एकदा त्यांनी गणपतीला दूर्वांची लाखोली वाहिली. लाख दूर्वा, चार महिने, म्हणजे हिशेबाने दिवसाला आठशेच्या वर. पण रोज तेवढ्या व्हायलाच हव्यात असं काही नव्हतं. पाहुणे आले, कुणाला ताप आला, की त्या दिवशी एकवीस वाहून मोकळ्या. श्रावणात दूर्वा माजतात, तेव्हा भरपाई. दुपारी ओटीवर दोघीतिघी शेजारणी बसायच्या, ओल्या पंचावर दूर्वांचा ढीग, मधली तीन पात्यांची बघून खुडायची, एकवीस झाल्या की जुडी बांधायची, दहा जुड्यांमागे एक सुपारी डब्यात टाकायची. संध्याकाळी सुपाऱ्या मोजून पंचांगाच्या कडेला आकडा. गप्पा मारता मारता हजार-दोन हजार होऊन जायच्या. एखादा दिवस कमी पडला म्हणून कुणाचं तोंड उतरलेलं मी पाहिलं नाही, कारण आकडा लाखाचा होता, दिवसाचा नव्हता.

आणि शंकासुर, तुमच्या प्रश्नाबद्दल. सोळा सोमवारात मध्येच सुतक आलं किंवा अडचण आली, तर आमच्याकडे उपास करायचा, पूजा करायची नाही, आणि तो सोमवार मोजायचा नाही. शेवटी एक वाढवायचा. रीत घरोघरी वेगळी असेल. पण व्रत मोडलं असं कुणी म्हणायचं नाही, आणि "काय, उगवलात का?" असंही नाही.

घाटवळण | १३ जुलै, दुपारी २:३१

जास्वंदकाकू, साष्टांग दंडवत! लाखोलीवरून एकदम डोक्यात प्रकाश पडला. आमच्यात काही जण "वर्षाला हजार किलोमीटर" धरतात. रोजचा हिशेब केला तर पावणेतीन किलोमीटर होतो, म्हणजे काहीच नाही. पण जे "रोज पळणार" म्हणतात त्यांचं एका तापात संपतं, आणि हजारवाले पावसाळ्यात मागे पडून थंडीत भरून काढतात.

आकडेमोड | १३ जुलै, सायंकाळी ६:४५

"२१ दिवसांत सवय लागते" हे अजून कुणी लिहिलं नाही याचा आनंद आहे, पण लिहितीलच, म्हणून आधीच टाकतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा बारा आठवडे अभ्यास केला होता. प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक साधी गोष्ट निवडायची आणि ती दिवसातल्या ठरावीक गोष्टीला जोडायची, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. ती कितपत आपोआप होते हे रोज नोंदवायचं. सवय पक्की व्हायला मध्यावरच्या माणसाला ६६ दिवस लागले, पण पसारा १८ पासून २५४ पर्यंत. पेलाभर पाणी पिणाऱ्यांचं लवकर झालं, व्यायामवाल्यांना वेळ लागला.

या धाग्याच्या कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या वाटेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे सासूबाईंच्या एकवीस दूर्वांना पुरावा आहे.

शंकासुर | १३ जुलै, सायंकाळी ७:१०

बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. मग २५४ दिवस लागल्याचं कुणी पाहिलं?

आकडेमोड | १३ जुलै, सायंकाळी ७:२२

कुणीच नाही. :) ८४ दिवसांचा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे तो. शिवाय चुकलेला *एक* दिवस फार बिघडवत नाही एवढंच त्यातून दिसतं, महिनाभराच्या दांडीला ते लागू करू नका. पकडलंत, मान्य.

आणखी एक. २०१४ साली पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या कॅथरीन मिल्कमन वगैरेंनी दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, सत्राच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर जिममध्ये जाणाऱ्यांची संख्या वाढते. नवं पान उघडल्यासारखं वाटलं की माणूस उठतो. मग आपल्याकडे तर चंगळच आहे. १ जानेवारी हुकली तर पाडवा, तो हुकला तर अक्षय्य तृतीया, मग दसरा, मग बलिप्रतिपदा. साडेतीन मुहूर्त वर्षभर पेरून ठेवलेत.

शंकासुर | १३ जुलै, सायंकाळी ७:४०

म्हणजे पुढच्या मुहूर्तापर्यंत लोळायला साडेतीन निमित्तं! अक्षय्य तृतीया ते दसरा हे अंतर बघा, पाच महिन्यांवर सुट्टी. परत यायला मुहूर्त लागायलाच नको. हुकलं की दुसऱ्या दिवशी, मग तो मंगळवार असो की अमावास्या.

आणि काकू, सासूबाईंना देवाची भीती होती. मला कुणाची आहे?

जास्वंद | १३ जुलै, रात्री ८:०५

भीती देवाची कमी, शेजारणींची जास्त होती हो! दुपारी ओटीवर नाही दिसल्या तर दोघी घरात येऊन विचारायच्या, बरं नाही का म्हणून. तुम्हाला तसं कोण विचारतं ते बघा.

उत्तरध्रुवीय | १४ जुलै, रात्री १२:५०

स्टॉकहोमहून. आमच्याकडे जानेवारी हाच शत्रू. डिसेंबरच्या शेवटी इथे पावणेतीन-तीनच्या सुमाराला सूर्य मावळतो, सकाळी पावणेनऊपर्यंत उगवत नाही, पायाखाली बर्फ. अशा वेळी "१ जानेवारीपासून रोज चालणार" असं भारतातल्या ग्रुपचं बघून ठरवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मी बाहेर चालायचं वर्ष पाडव्याला सुरू करतो. तोवर दिवस बारा तासांपलीकडे गेलेला असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे जातात, संध्याकाळी ऑफिसमधून निघताना उजेड असतो. हिवाळ्यात घरातच सूर्यनमस्कार. (सूर्य नसताना सूर्यनमस्कार, यावरचे विनोद करून झालेले आहेत, कृपया पुन्हा नकोत.)

दुपारची_झोप | १४ जुलै, सकाळी ९:१५

तुम्ही आधीच बंदी घातल्याने माझा दिवस वाया गेला.

उसाचं_पाचट | १४ जुलै, रात्री ९:३०

आमचं वर्ष जानेवारीत सुरूच होत नाही भावांनो. जानेवारीत तोडीची वाट बघत फडाच्या कडंला उभा असतोय, कारखान्याची टोळी आज येणार का उद्या. तिथं कसला संकल्प.

माझा संकल्प म्हणजे शेताच्या खर्चाची वही. किती वर्षं ऐकतोय, कृषी खात्याचे साहेब येत्यात आणि सांगत्यात, खर्च लिहा, मग कळंल परवडतंय का. वही आणायची, पहिली चार पानं मोत्यासारखी. जुलै आला की बंद. कारण काय, तर जुलैत रोप लावण. पाऊस, चिखल, बारा-पंधरा माणसं वावरात, त्यांचा चहा, भाकरी, मजुरी, डिझेल, आणि रात्री अंग टाकायलाबी ताकद नसती. आणि खरा खर्च तर त्याच पंधरवड्यात होतोय! म्हणजे वही नेमकी तेव्हाच कोरी.

गेल्या वर्षीपासनं असं केलंय. लावणीच्या पंधरवड्यात वहीला हातच लावायचा नाही. मजुरीचा आकडा तेवढा फोनवर बोलून बायकोला पाठवायचा, बांधावरनंच. खताच्या, डिझेलच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खुंटीला. लावण उरकली की एक दिवस बसायचं दोघांनी आणि वहीत उतरायचं. टिकलंय. बायकोचं म्हणणं, पिशवीनं वाचवलं. माझं म्हणणं, बायकोनं.

अनुस्वार | १४ जुलै, रात्री १०:०२

पाचटभाऊ, हे धाग्यातलं सगळ्यात कामाचं उत्तर वाटतंय. वाईट महिन्यात संकल्प आहे तसा रेटायचा नाही आणि सोडायचाही नाही, त्या महिन्यापुरतं त्याचं छोटं रूप आधीच ठरवून ठेवायचं. रोपं लावताना कोण विचार करत बसणार?

आमच्या ग्रुपात मार्चपुरतं "चालणं नाही, फक्त जिने" असं करता येईल का? खतावणी, तुम्ही सांगा.

खतावणी | १५ जुलै, सकाळी ८:१०

जिने जमतील. ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट तशीही मनात येईल तेव्हा चालते.

आमच्या घरची पद्धत सांगतो. कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे खाडे मांडतात तसे मी व्यायामाचे खाडे मांडतो. झाला त्या दिवशी काही लिहायचं नाही. नाही झाला तर तारखेखाली लाल "खा". महिनाअखेर दुधाचा हिशेब होतो तेव्हा शेजारीच माझाही होतो. मांडायचं काम मुलीकडे दिलंय, ती सातवीत आहे आणि अजिबात दयामाया करत नाही. महिन्याला चार खाडे माफ, मार्चात दहा. पाचवा पडला की तिला आइस्क्रीम. त्यामुळे मला शेवटच्या आठवड्यात घरातूनच "बाबा, आज दमला असाल ना?" असे प्रेमळ प्रश्न येतात.

शंकासुर | १५ जुलै, सकाळी ८:४०

हे मात्र मला पटलं. रोज टिकमार्क करणारी सगळी ॲप्स आणि डायऱ्या माझ्या एका कारणाने बंद पडतात: टिकमार्क करणं हाच दुसरा संकल्प होऊन बसतो. खाडे मांडायला महिन्यातून चारदा पेन उचलायचं. आळशी माणसासाठी उत्तम.

तरी एक शंका उरतेच (आयडीला जागायला हवं). हे व्यायामाला, वहीला ठीक. पण ज्याचं माप नाही त्याचं काय? मला चिडणं कमी करायचंय. त्याचे खाडे मांडायचे म्हटले तर कॅलेंडर लाल होईल, आणि बायकोने मांडलेले पाहून आणखी एक वाढेल.

जास्वंद | १५ जुलै, दुपारी १:५५

शंकासुर, मुक्याने जेवा. चार महिने. निदान जेवणाच्या वेळेपुरती घरात शांतता.

दुपारची_झोप | १५ जुलै, दुपारी २:००

काकूंनी षटकार मारला.

घाटवळण | १५ जुलै, रात्री १०:२०

थोडं अवांतर, पण औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची आठवण झाली. राजा असून स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते लावले होते. तिथल्या मुलांना महिना कुठलाही असो, सुटकाच नव्हती. आपल्याला राजा नाही, म्हणून खतावणींना सातवीतली मुलगी लागते.

अनुस्वार | १६ जुलै, सकाळी ७:०५

काल ग्रुपवर दोन गोष्टी टाकल्या. एक, प्रत्येकाने आपला कच्चा महिना आणि त्या महिन्यापुरता छोटा नेम आत्ताच कळवायचा, म्हणजे तो न दिसल्यावर कुणाला नवल वाटणार नाही. दोन, परत येणाऱ्याला "उगवलात का?" विचारायला बंदी. दुसऱ्या गोष्टीला पहिलीपेक्षा जास्त अंगठे आले.

इथेही आपापला महिना आणि छोटा नेम लिहा, मी यादी करून वर डकवते. गणपती पुढे आहेतच, ज्यांचा सप्टेंबर कच्चा त्यांनी आधी लिहा.

दुपारची_झोप | १६ जुलै, सकाळी ११:४०

लिहितो, पण आधी एक स्पष्ट करा. साखर बंद असताना गणपतीत मोदक खाल्ला तर खाडा धरायचा का?

खतावणी | १६ जुलै, सकाळी ११:४८

तळणीचा असेल तर खाडा. उकडीचा असेल तर भरपगारी रजा.

उसाचं_पाचट | १६ जुलै, दुपारी १:१५

आमच्याकडं तळणीचाच असतोय. हा अन्याय आहे.